‘जा, पण जपून’ म्हणजे नेमकं काय?

वाचकाचं पत्र:

माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला. नंतरच्या इकोत (सोनोग्राफीत) हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के आली. मधुमेह आहे. रक्त पातळ ठेवायला एकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) ७५ आणि टिकाग्रेलॉर ९० (दिवसातून दोनदा), कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरवास्टॅटिन, हृदय आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, शिवाय साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. नाशिकमध्ये रोज चाळीस मिनिटं चालतात, काही त्रास नाही. सप्टेंबरअखेर ग्रुपबरोबर चारधामला जायचं चाललं आहे. मुलगा म्हणतो, केदारनाथला हेलिकॉप्टरने नेऊ, म्हणजे हृदयावर ताण नको. डॉक्टर म्हणाले, ‘जायला हरकत नाही, पण जपून.’ जपून म्हणजे नक्की काय करायचं?

उत्तर:

ताई, मुलाच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करू, कारण मोठा गैरसमज तिथेच आहे. हेलिकॉप्टरमुळे पायांचे कष्ट वाचतात, उंचीचा ताण वाचत नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला एक-तृतीयांश ऑक्सिजन कमी. ही तूट भरून काढायला शरीर लगेच श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं, आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवरही भार येतो. हे सगळं खुर्चीत बसल्या बसल्या होतं. पायी चढणाऱ्या माणसाला या बदलाशी जुळवून घ्यायला निदान काही तास मिळतात. गुप्तकाशी किंवा फाटा या गावांतून हेलिकॉप्टरने उडणाऱ्याला दहा-पंधरा मिनिटंही मिळत नाहीत.

म्हणून यजमानांनी पायी चढावं असं मात्र नाही. गौरीकुंडापासूनची वाट साधारण १६ किलोमीटर आणि चढ सोळाशे मीटरचा, तो त्यांच्यासाठी नाहीच. हेलिकॉप्टर घ्यायचंच, पण त्याआधीच्या रात्री कुठे काढल्या यावर सगळं अवलंबून आहे. उंचीवरचा पहिला दिवस हृदयरोग्यांसाठी सगळ्यात धोक्याचा असतो आणि आधी मधल्या उंचीवर मुक्काम झाला असेल तर तो धोका कमी होतो. नाशिकहून डेहराडून, तिथून थेट गुप्तकाशी आणि दुसऱ्या सकाळी केदारनाथ, असा ‘दोन दिवसांत दर्शन’ कार्यक्रम कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा.

आधी जायचं की नाही ते ठरवू. अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर साध्या विमानप्रवासाला सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत परवानगी मिळते, मात्र उंच डोंगरांसाठी साधारण सहा महिने थांबायला सांगतात. तुमचे सात झाले आहेत. पंपिंग ४५ टक्के म्हणजे थोडं कमी आहे, पण त्रास नसेल तर तेवढ्यानेच वाट बंद होत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती म्हणजे टीएमटी, पट्ट्यावर चालायला लावून ईसीजी काढतात ती चाचणी. नाशिकच्या सपाट रस्त्यावर चाळीस मिनिटं चालता येणं ही चांगली खूण आहे, पण साडेतीन हजार मीटरवर माणसाची जास्तीत जास्त कष्ट करण्याची ताकद ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने घटते. घरी किती शिल्लक आहे हे माहीत नसेल तर तिथे किती उरेल हे कसं कळणार?

टीएमटी निघायच्या महिना-दीड महिना आधी करा आणि गोळ्या चालू ठेवून करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, कारण प्रवासात त्या चालूच असणार. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. दुसरा टप्पा, म्हणजे सहा मिनिटं, छातीत न दुखता, बीपी न घसरता आणि ईसीजीत बदल न होता पार पडला तर पुढे बोलता येईल. तो पुरा झाला नाही तर या वर्षी उंची नको. त्याच फेरीत इको, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियमही करून घ्या. रक्त कमी असताना उंचीवर जाणं म्हणजे तूट दुप्पट. आणि खालीलपैकी काहीही असेल तर तिकीट रद्द करा: गेल्या महिन्यात चालताना छातीत दडपण, झोपल्यावर दम लागून उठून बसणं, पायांवर नवीन सूज, चक्कर येऊन पडणं, किंवा गेल्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांनी गोळ्यांत केलेला मोठा बदल.

आता मार्ग. चारही धाम एका मापाचे नाहीत आणि ग्रुपच्या पत्रकात हे कधी सांगत नाहीत. गंगोत्री आणि बद्रीनाथ दोन्ही ३,१०० मीटरच्या आसपास आहेत आणि गाडी जवळपास मंदिरापर्यंत जाते. यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरची उभी वाट आहे, पायऱ्या आणि घोड्यांची गर्दी. ती आम्ही तुमच्या यादीतून काढली असती. घोड्यावर बसून गेलं तरी खोगीर घट्ट धरून तोल सांभाळण्यात शरीर ताणलेलं राहतं. अगदीच जायचं असेल तर चार माणसांनी उचलायची दांडी बरी.

क्रम परंपरेचाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. बडकोट सुमारे १,२०० मीटरवर आहे, तिथे मुक्काम. मग उत्तरकाशी. तिथून हर्षिल, जे अडीच हजार मीटरच्या वर आहे, तिथे शक्य तर दोन रात्री. हर्षिलहून गंगोत्री दिवसा करून झोपायला परत हर्षिलला. ही तुमची खरी परीक्षा. यजमानांची गंगोत्रीत डोकेदुखी, दम, छातीत काही, असं काहीच न होता वेळ गेली आणि हर्षिलला झोप लागली तर केदारनाथचा विचार पुढे न्या. त्रास झाला तर केदारनाथ तिथेच रद्द. हा निर्णय हर्षिलमध्ये घ्यायचा आहे, हेलिपॅडच्या रांगेत नाही. रांगेत उभं राहिल्यावर कोणी परत फिरत नाही. बद्रीनाथलाही मुक्काम नको. जोशीमठ किंवा पिपळकोटीत झोपा, वर दर्शन करून खाली या.

केदारनाथच्या दिवशी सकाळच्या उड्डाणाने जाऊन त्याच दिवशी परत. हेलिपॅडपासून मंदिरापर्यंत थोडं चालावं लागतंच. ते अर्ध्या वेगाने, बोलत बोलत. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी मुळात पूर्ण चढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातले आकडे पाहून ‘ठीक चाललंय’ म्हणू नका. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तरच वेग बरोबर. आणि एक गोष्ट गृहीत धरूनच चला: दुपारी ढग उतरले की उड्डाणं थांबतात. रात्र वर काढायची वेळ आली तर दोन दिवसांच्या गोळ्या, टोपी, हातमोजे आणि थर्मल अंगावर किंवा खांद्यावरच्या पिशवीत हवेत. हेलिकॉप्टरमध्ये सामान फार थोडं नेऊ देतात, म्हणून आधी औषधं, मग पूजेचं ताट.

ग्रुपबद्दल एक परखड मत. अशा सहलीत जीव धोक्यात येतो तो उंचीपेक्षा वेळापत्रकामुळे. पहाटे तीनला उठायचं, अंघोळ, उपाशीपोटी रांग, आणि ‘काकांमुळे बस थांबलीय’ हे ऐकायला नको म्हणून दम लागलेला लपवायचा. थंडी, पहाट आणि रिकामं पोट हे तिन्ही एकत्र आले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर ताण सर्वाधिक. दर्शन सकाळी दहा-अकराच्या उन्हात घ्या. शक्य असेल तर तुमची स्वतंत्र गाडी ठेवा, नसेल तर सहल व्यवस्थापकाला लेखी कळवा की आजारी पडल्यास आम्ही एक दिवस मागे थांबू.

गोळ्यांकडे येऊ. ट्रिप दहा दिवसांची असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या घ्या, कारण दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद राहणं तिथे नवल नाही. निम्म्या यजमानांच्या अंगावरच्या पिशवीत, निम्म्या तुमच्या. विमानात चेक-इन बॅगेत एकही नको. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हातही नको. टिकाग्रेलॉर बारा-बारा तासांनी घ्यायची, तिचे गजर मोबाइलवर लावा. चुकली तर पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम घेऊ नका. एकोस्प्रिन आणि टिकाग्रेलॉर यांतली एकही, कोणत्याही उपवासासाठी किंवा नाकातून थोडं रक्त आलं म्हणून, स्वतःहून थांबवायची नाही. पहिल्या वर्षात त्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. नाकातलं रक्त दहा मिनिटं नाक चिमटीत दाबूनही थांबत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

या टिकाग्रेलॉरची आणखी एक गंमत आहे, आणि ती ठाऊक नसली तर उंचीवर घबराट होते. काही लोकांना तिच्यामुळेच अधूनमधून दम लागल्यासारखं वाटतं, बसल्या जागी, लांब श्वास घ्यावासा वाटतो. उंचीचा दम, हृदयाचा दम आणि या गोळीचा दम, तीन वेगवेगळ्या गोष्टी. आत्ता घरी असं होतं का ते यजमानांना नीट विचारून लिहून ठेवा. गोळीचा दम घरीही होतो आणि तसाच राहतो. वर जाऊन नव्याने लागलेला, वाढत जाणारा, आडवं झाल्यावर बळावणारा किंवा खोकल्यासोबतचा दम गोळीच्या माथी मारायचा नाही. रॅमिप्रिलचा कोरडा खोकलाही असाच फसवतो. घरी नसलेला खोकला वर सुरू झाला तर फुप्फुसात पाणी होत असल्याचा संशय धरून खाली उतरायचं.

गुडघेदुखीसाठी सहलीत हमखास कोणीतरी कॉम्बिफ्लाम किंवा व्होव्हेरान पुढे करतं. नको. अशी वेदनाशामकं एकोस्प्रिन आणि टिकाग्रेलॉरच्या जोडीला आली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शिवाय ती शरीरात पाणी साठवतात आणि बीपी चढवतात. कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन तर एकोस्प्रिनच्या कामातही अडथळा आणू शकतं. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालते. सर्दीच्या गोळ्यांवर फिनाइलएफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन लिहिलेलं दिसलं तर परत ठेवा. घसा धरला म्हणून दुकानातून क्लॅरिथ्रोमायसिन घेऊ नका, टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन दोन्हींशी तिचं जमत नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासासाठीची गोळी ग्रुपमधले सगळे घेतात म्हणून तुम्ही घेऊ नका. ती द्यायची का, किती, हे मूत्रपिंडाचा अहवाल आणि सल्फाची अ‍ॅलर्जी पाहून हृदयतज्ज्ञच ठरवतील.

ग्लिमेपिराइड घेऊन उपास करायचा आणि चार तास रांगेत उभं राहायचं, हे साखर उतरण्याचं आमंत्रण आहे. मेटोप्रोलॉलमुळे धडधड जाणवत नाही, त्यामुळे एरवी मिळणारा इशारा मिळत नाही. घाम मात्र फुटतो. अचानक घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. मग काहीतरी खायला द्या. दर्शनाच्या दिवशी ग्लिमेपिराइड किती घ्यायची हे आधीच विचारून ठेवा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मेटफॉर्मिन आणि रॅमिप्रिल एक-दोन दिवस थांबवायला डॉक्टर अनेकदा सांगतात, कारण शरीरातलं पाणी घटलं की रॅमिप्रिल मूत्रपिंडावर उलटते आणि मेटफॉर्मिन शरीरात साठू शकते. ही सूचना निघायच्या आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. डोंगरात फोन लागेलच असं नाही.

कुंडांचं स्नान हा नाजूक विषय आहे. बद्रीनाथचं तप्तकुंड खूप गरम असतं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रॅमिप्रिल आणि मेटोप्रोलॉलने आधीच उतरलेलं बीपी आणखी उतरतं, आणि बाहेर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गंगोत्रीला याच्या उलट: भागीरथीच्या बर्फाळ पाण्यात बुडी मारली की एका क्षणात बीपी आणि नाडी उसळतात. दोन्हीकडे हातपाय धुऊन अंगावर तांब्याने थोडं पाणी शिंपडलं तरी पुण्य कमी होत नाही असं आम्हाला वाटतं. निदान शास्त्रात बुडी सक्तीची नसावी.

सोबतच्या डब्यात चिवडा, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी असतेच. मीठ वाढलं की पाणी साठतं आणि पंपिंग ४५ टक्के असलेल्या हृदयाला ते झेपत नाही. एक दिवस चाललं, दहा दिवस नको. वाटेत दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरून पाच मिनिटं चाला, नाहीतर पायाच्या शिरांत गुठळी होऊ शकते.

छोटे फवारणीचे ऑक्सिजन कॅन घेऊन निश्चिंत होऊ नका. दहा लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटं पुरतो. खाली उतरेपर्यंतचा आधार म्हणूनही तो तुटपुंजा आहे. बोटावरचं ऑक्सिमीटर जरूर ठेवा, पण साडेतीन हजार मीटरवर धडधाकट माणसातही ते ८५ ते ९० दाखवतं, आणि बोट गार असेल तर त्याहून कमी. बोट चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. एका आकड्याने घाबरू नका. पण आकडा तासागणिक उतरत असेल आणि माणूस मलूल होत असेल तर वाट पाहायची नाही.

कागदांत डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड, औषधांची घटकनावांसह यादी, आणि सगळ्यांत मोलाचा असतो तो सध्याचा ईसीजी. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा ईसीजी कायमचा बदललेला असतो. डोंगरातल्या डॉक्टरापुढे जुना ईसीजी नसेल तर बदल नवा की जुना हे त्यांना कळणार नाही आणि तिथेच वेळ जाईल. कागदावर प्रत ठेवा, मोबाइलवर फोटोही. प्रवास विमा काढताना हृदयरोग आणि मधुमेह दोन्ही लिहून द्या, लपवले तर दावा नाकारला जातो.

आणि छातीत दुखलं तर. मधुमेही माणसाला नेहमी दुखतंच असं नाही. जबडा, खांदा, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, घाम, मळमळ, अकारण दम, यांतलं काहीही पुरेसं. ‘गॅस झालाय’ म्हणून इनो पाजण्यात पहिला अर्धा तास जातो, तो घालवू नका. जिथे असतील तिथे बसवा. सॉर्बिट्रेट (हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ५ मिलिग्रॅमची एक जिभेखाली, बसूनच, आणि चक्कर येत नसेल, वरचं बीपी १००च्या वर असेल तरच. मागच्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या) घेतली असेल तर अजिबात नाही, आणि हे यजमानांना आत्ताच, एकट्यात, विचारून घ्या. पाच मिनिटांत पूर्ण आराम नाही पडला तर १०८ लावा, डिस्प्रिनची एक ३२५ची गोळी चावून खायला द्या (अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर), आणि दुसरी सॉर्बिट्रेट. त्यांना एक पाऊलही चालवायचं नाही. केदारनाथच्या वाटेवर शासनाची वैद्यकीय मदत केंद्रं असतात, तिथे पहिली मागणी ईसीजीची. चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारी मोठी रुग्णालयं ऋषिकेश-डेहराडूनच्या बाजूला आहेत, एम्स ऋषिकेश त्यांपैकी एक. गुप्तकाशीहून ऋषिकेश साधारण १८० किलोमीटर आहे, घाटातला निम्मा दिवस. म्हणून जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल का हे लगेच विचारा आणि टिकाग्रेलॉर चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

टीएमटीत अडलं किंवा हर्षिलमध्ये मन कचरलं, तरी केदारनाथाचं दर्शन हुकत नाही. भाऊबीजेला मंदिराची दारं बंद होतात आणि देवाची डोली (पालखी) उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. पुढचे सहा महिने पूजा तिथेच चालते. उखीमठ सुमारे १,३०० मीटरवर आहे, गाडीरस्त्याला लागून, हेलिकॉप्टरशिवाय. थंडी मात्र तिथेही असते, म्हणून डिसेंबर-जानेवारी टाळून नोव्हेंबरचा मध्य किंवा फेब्रुवारीची अखेर धरा. तोवर अटॅकला वर्ष होत आलेलं असेल, आणि टिकाग्रेलॉर पुढे चालू ठेवायची का हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची वेळही तीच.